मुखपृष्ठावरच्या कार्यकर्त्या

फॅशन नियतकालिकाच्या मुखपृष्ठाचे काम मुळात विक्रीचे. स्टॉलवर शेजारी शेजारी मांडलेल्या मासिकांतून आपलेच उचलले जावे, यासाठी चेहरा, पोशाख आणि अक्षरे यांची जुळणी केलेली असते. त्यातही सप्टेंबरचा अंक सर्वांत जाड. शरद ऋतूतील नव्या पोशाखांच्या जाहिराती त्यातच गर्दी करतात. अशा अंकाचे मुखपृष्ठ ब्रिटिश 'व्होग'ने सप्टेंबर २०२० मध्ये सामाजिक चळवळींतील वीस जणांना दिले, ही म्हणूनच साधी घटना नव्हती.

दर्शनी पानावर होते फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड आणि मॉडेल अड्वोआ अबोआ. घडी उलगडली की आणखी अठरा चेहरे दिसत. गरीब घरांतील मुलांना शाळेत मिळणारे मोफत जेवण उन्हाळी सुटीतही मिळावे, यासाठी रॅशफर्ड यांनी त्याच वर्षी जूनमध्ये खासदारांना खुले पत्र लिहिले होते आणि ब्रिटिश सरकारला आपला निर्णय फिरवावा लागला होता. अबोआ यांनी आपले नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येचा प्रयत्न यांविषयी उघडपणे बोलून तरुण मुलींसाठी 'गर्ल्स टॉक' ही संस्था उभी केली. छायाचित्रकार मिसान हॅरिमन यांनी लंडनमधील वर्णद्वेषविरोधी मोर्चांची छायाचित्रे नुकतीच टिपली होती. या मासिकाचे मुखपृष्ठ टिपणारे ते पहिले कृष्णवर्णीय पुरुष छायाचित्रकार ठरले. मासिकाच्या वयाच्या १०४ व्या वर्षी! ही गोष्ट कौतुकाने सांगितली गेली. तिच्यात मागील १०३ वर्षांचा कबुलीजबाबही दडलेला आहे.

मॉडेलने आपल्या प्रसिद्धीचा उपयोग एखाद्या प्रश्नासाठी करणे मात्र त्याहून जुने आहे. सोमालियात जन्मलेल्या वारिस दिरी कोवळ्या वयात ठरविलेल्या लग्नातून पळून गेल्या, लंडनला पोहोचल्या आणि १९८७ च्या पिरेली दिनदर्शिकेत झळकल्या. यशाच्या शिखरावर असताना, १९९७ मध्ये, 'मारी क्लेर' मासिकाला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी लहानपणी आपल्या जननेंद्रियाचे छेदन कसे झाले, ते सांगितले. ज्या देहाच्या सौंदर्यावर हा व्यवसाय उभा आहे, त्याच देहावरील जखमेविषयी त्या बोलत होत्या. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी त्यांना या प्रथेविरोधातील विशेष दूत नेमले. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ही प्रथा बंद करण्याचे आवाहन करणारा ठराव केला. अर्थात, त्यामागे आफ्रिकेतील अनेक स्त्रियांचे अनेक वर्षांचे काम होते. सारे श्रेय एका मुलाखतीला देणे अन्यायाचे होईल. हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. दाऊदी बोहरा समाजातील अशाच प्रथेविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनापीठाकडे सोपविली.

दुसरा झगडा खुद्द मुखपृष्ठाशीच होता. अमेरिकी 'व्होग'च्या मुखपृष्ठावर कृष्णवर्णीय मॉडेल प्रथम आली ती ऑगस्ट १९७४ मध्ये. त्या बेव्हर्ली जॉन्सन. त्यानंतरही कृष्णवर्णीय चेहऱ्याने अंक खपत नाही, हा समज टिकून राहिला. स्वतः मॉडेल असलेल्या बेथन हार्डिसन यांनी इमान यांच्यासह १९८८ मध्ये 'ब्लॅक गर्ल्स कोअलिशन' स्थापन केली. २०१३ मध्ये तर न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस आणि मिलान येथील फॅशन संघटनांना पत्रे पाठवून, मंचावर कृष्णवर्णीय मॉडेलना जवळपास स्थानच न देणाऱ्या डिझायनरांची नावे त्यांनी जाहीर केली. दरम्यान, इटालियन 'व्होग'च्या संपादिका फ्रांका सोझानी यांनी जुलै २००८ च्या अंकासाठी केवळ कृष्णवर्णीय मॉडेल निवडल्या. लिया केबेडे त्यांतल्याच एक. माता व नवजात बालकांच्या आरोग्यासाठी त्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सदिच्छादूत होत्या. तो अंक इतका खपला, की पुन्हा छापावा लागला. खपाच्या सबबीला याहून चांगले उत्तर कोणते?

त्या अंकाच्या कामात सहभागी असलेले घानात जन्मलेले एडवर्ड एनिनफुल २०१७ मध्ये ब्रिटिश 'व्होग'चे संपादक झाले. त्यांच्या पहिल्याच, डिसेंबर २०१७ च्या, मुखपृष्ठावर अबोआ होत्या. सप्टेंबर २०१९ चा अंक मेगन मार्कल यांनी अतिथी संपादक म्हणून सिद्ध केला. त्यात ग्रेटा थुनबर्ग, जॅसिंडा आर्डर्न, जेन फोंडा अशा पंधरा स्त्रियांची छायाचित्रे होती आणि सोळाव्या चौकटीत वाचकाला स्वतःचे रूप दिसावे म्हणून आरशासारखा चकचकीत कागद. कल्पना आकर्षक, पण किंचित गोड.

या साऱ्याची दुसरी बाजू हलीमा एडन यांच्या कारकिर्दीत दिसते. केनियातील काकुमा निर्वासित छावणीत जन्मलेल्या हलीमा अमेरिकेत वाढल्या. मे २०१८ मध्ये ब्रिटिश 'व्होग'च्या मुखपृष्ठावर हिजाब घालून येणाऱ्या त्या पहिल्या मॉडेल ठरल्या. त्याच वर्षी युनिसेफने त्यांना दूत नेमले. २०१९ मध्ये 'स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड'च्या पोहण्याच्या पोशाखांच्या अंकात त्या बुर्किनी घालून झळकल्या. निर्वासित, मुस्लिम, स्थलांतरित अशी सारी ओळख एका चेहऱ्यात मिळत असल्याने संपादकांना त्या हव्याच होत्या. नोव्हेंबर २०२० मध्ये मात्र त्यांनी हे क्षेत्र सोडले. कामापायी नमाज चुकत गेला आणि हिजाब दर वेळी थोडा थोडा आक्रसत गेला, असे त्यांचे म्हणणे होते. एका जाहिरातीत तर त्यांच्या डोक्याभोवती हिजाबाऐवजी जीन्स गुंडाळली गेली होती. ज्या खुणेमुळे त्यांना मुखपृष्ठ मिळाले, तीच खूण छायाचित्रागणिक त्यांच्या हातून निसटत होती. हिजाब घालणाऱ्या स्टायलिस्ट आपल्या बाजूला नव्हत्या, हेही त्यांनी नमूद केले. कॅमेऱ्यासमोर कोण आहे याची चर्चा खूप होते; कॅमेऱ्यामागे आणि कपड्यांच्या खोलीत कोण आहे, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि त्या मिनेसोटाला परतल्या.