वाऱ्यावर सोडलेला सर्व्हर: अपाचीचा इतिहास

वेब सर्व्हर म्हणजे वाचकाच्या संगणकाने मागितलेले पान त्याला पोचते करणारा प्रोग्रॅम. १९९५ नंतरची दहा वर्षे या कामात अपाची या मुक्तस्रोत सर्व्हरचे वर्चस्व होते. त्यासाठी कोणालाही पैसे मोजावे लागत नव्हते आणि त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला होता.

फुकट वाटण्याची ही प्रथा वेबच्या जन्मापासूनची. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचे मूळ सॉफ्टवेअर सर्वांसाठी मोकळे केले. त्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठाने वेबच्या प्रतिस्पर्धी ‘गोफर’च्या सर्व्हरसाठी व्यापारी वापरकर्त्यांकडून शुल्क घेण्याचे ठरवले, आणि लोक बिचकले. गोफर मागे पडण्याची इतरही कारणे होती, पण या निर्णयाने त्याचे नुकसान केले यात शंका नाही.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या महासंगणन केंद्रात, म्हणजे एनसीएसएमध्ये, रॉब मॅककूल यांनी एक सर्व्हर लिहिला होता. तो फुकट मिळे आणि बहुतेक संकेतस्थळे त्यावरच चालत. १९९४ मध्ये मॅककूल केंद्र सोडून गेले आणि सर्व्हरचे काम थंडावले. त्यातले दोष मात्र वापरणाऱ्यांच्या पदरी राहिले. ज्याला जी अडचण येई, ती तो आपल्यापुरती दुरुस्त करून घेई. एकाच दोषावर अनेक जण स्वतंत्रपणे डोके फोडत होते.

फेब्रुवारी १९९५ मध्ये ब्रायन बेहलेनडॉर्फ आणि इतर काही जणांनी या सुट्या दुरुस्त्या एकत्र करायला घेतल्या; त्यातूनच अपाची घडला. मुख्य गट आठ जणांचा होता. बहुतेक जण संकेतस्थळे चालवणारे; हे काम त्यांना पोटापाण्याच्या धंद्यासाठीच हवे होते. सगळा व्यवहार ई-मेलवर चाले. सुचवलेल्या बदलाला पाठिंबा असेल तर ‘+१’, विरोध असेल तर ‘−१’ असे लिहून पाठवायचे. कोड बदलण्याच्या बाबतीत सकारण दिलेला एक ‘−१’ देखील बदल रोखायला पुरे होई. वरिष्ठ नाही, पगार नाही, कार्यालय नाही, तरीही शिस्त मात्र कडक. अपाचीच्या यशाचे श्रेय त्याच्या कोडइतकेच या पद्धतीला द्यायला हवे.

एप्रिल १९९५ मध्ये पहिली जाहीर आवृत्ती निघाली. गटातल्या रॉबर्ट थाऊ यांनी सर्व्हरची रचना नव्याने बांधली, आणि १ डिसेंबर १९९५ रोजी १.० ही आवृत्ती आली. ऑगस्ट १९९५ मध्ये नेटक्राफ्ट या कंपनीच्या पहिल्या पाहणीत सुमारे १९,००० संकेतस्थळे मोजली गेली होती आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक एनसीएसएच्या सर्व्हरवर होती. एप्रिल १९९६ मध्ये अपाची पहिल्या क्रमांकावर पोचला.

परवान्याचाही यात वाटा होता. अपाचीचा कोड आपल्या उत्पादनात घालून ते विकायला कंपन्यांना मोकळीक होती. १९९८ मध्ये आयबीएमने स्वतःचा सर्व्हर बाजूला ठेवून अपाची स्वीकारला. एवढ्या मोठ्या कंपनीने पसंती दिल्यावर ‘फुकट म्हणजे कमअस्सल’ हा आक्षेप फारसा टिकला नाही. १९९९ मध्ये अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना झाली. मायक्रोसॉफ्टचा आयआयएस हा सर्व्हरही विंडोज एनटीसोबत वेगळे पैसे न घेता दिला जाई. पण २००१ मध्ये ‘कोड रेड’ आणि ‘निमडा’ या उपद्रवी प्रोग्रॅमांनी त्याच्यावर हल्ला चढवला आणि त्याची पत घसरली.

लिनक्स, अपाची, मायएसक्यूएल आणि पीएचपी ही मुक्त सॉफ्टवेअरची चौकडी तोवर जमली होती. जुना संगणक आणि इंटरनेटची जोडणी एवढ्यावर संकेतस्थळ उभे राहू लागले. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही याच चौकडीच्या आधाराने उभा राहिला. २००५ च्या सुमारास जगातील सुमारे ७० टक्के संकेतस्थळे अपाचीवर होती.

याच सुमारास एकाच वेळी हजारो जोडण्या सांभाळण्याची गरज वाढली. त्यासाठी रशियाच्या इगोर सिसोयेव यांनी एनजिनएक्स लिहून २००४ मध्ये खुला केला. २०१९ मध्ये नेटक्राफ्टच्या गणतीत त्याने अपाचीला मागे टाकले. म्हणजे मुक्त सर्व्हरची जागा दुसऱ्या मुक्त सर्व्हरनेच घेतली.

फुकट वाटण्याच्या या प्रथेची दुसरी बाजू एप्रिल २०१४ मध्ये उघडी पडली. या दोन्ही सर्व्हरांवरील गुप्त संदेशवहन बहुतांशी ‘ओपनएसएसएल’ या मुक्त प्रकल्पावर अवलंबून होते, त्यात ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष सापडला. दोन वर्षे तो कोणाच्या लक्षात आला नव्हता. या प्रकल्पाला वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर देणग्या मिळत आणि पूर्ण वेळ काम करणारा एकच जण होता. त्याच महिन्यात गूगल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम आदी कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने अशा प्रकल्पांसाठी निधी उभारला. याच फुकट सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षे धंदा करणाऱ्या या कंपन्यांना हे सुचायला फार उशीर झाला होता.