फितूर कोण?

‘अमंग अस’ हा गेम २०१८ साली आला आणि २०२०च्या लॉकडाऊनमध्ये प्रत्येकाच्या फोनवर पोचला. त्याचा आजोबा म्हणजे ‘माफिया’. मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री दाविदोव्हनं तो १९८६ साली तयार केला. गणित सोपं आहे: मोजक्या लोकांना सगळं ठाऊक, बाकीच्यांना काहीच नाही. कॉलेजच्या हॉस्टेलवर हा खेळ रात्र रात्र चालायचा. त्यात मुरलेला फितूर खोटं फार कमी बोलतो. तो एक खरी गोष्ट उचलतो, तिचा अर्थ फिरवतो आणि सगळे घाबरलेले असताना ती मोठ्यानं सांगतो.

हाच डाव आमच्या अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्यात खऱ्या तलवारींनिशी खेळला गेला.

१५९५ साली इब्राहिम निजामशाह लढाईत मारला गेला आणि गादीवरून सरदारांत जुंपली. प्रतिस्पर्ध्यांना नमवण्यासाठी मियाँ मंजूनं चक्क अकबराचा मुलगा मुराद याला बोलावणं धाडलं. मोगल दारात आले, तेव्हा त्याला पश्चात्ताप झाला. किल्ला सांभाळायला उरली चांदबीबी. हुसेन निजामशाहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशाहाची विधवा.

मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. ती खबर किल्ल्यात आणली मोगलांच्याच छावणीतल्या ख्वाजा मुहम्मद खान शिराझीनं. म्हणजे त्या वेळी किल्ला वाचवण्यात एका फितुराचाही हात होता. दोन सुरुंग निकामी झाले, तिसरा उडाला आणि तट फुटला. चांदबीबी तलवार घेऊन त्या खिंडारात उभी राहिली. शेवटी १५९६ साली वऱ्हाड देऊन तह झाला.

१६०० साली मोगल पुन्हा आले. या वेळी शाहजादा दानियाल आणि खानखानान. पुढचं इतिहासकार फेरिश्ता सांगतो. चांदबीबीनं हमीद खान नावाच्या अधिकाऱ्याचा सल्ला घेतला. तो म्हणाला, लढू. ती म्हणाली, किल्ल्यातल्या सरदारांची इतकी दगाबाजी पाहिली आहे की आता कुणावर भरवसा उरलेला नाही. त्यापेक्षा बोलणी करू, माणसं वाचवू, किल्ला देऊ आणि छोट्या बहादूरशाहाला घेऊन जुन्नरला जाऊ.

हमीद खान बाहेर पडला आणि रस्त्यात ओरडत सुटला, की चांदबीबी मोगलांना किल्ला द्यायला निघाली आहे. जमाव तिच्या महालात घुसला आणि त्यानं तिला ठार मारलं.

हमीद खान मोगलांना मिळालेला होता असं फेरिश्ता म्हणत नाही. कदाचित त्याला ती खरोखरच गद्दार वाटली असेल. पण त्याचं वाक्य पुन्हा वाचा. त्यातला शब्द न् शब्द जवळपास खरा होता. फक्त ‘कशाच्या बदल्यात’ एवढंच त्यानं गाळलं. माणसांचा जीव आणि राजाची सुटका या अटी वगळल्या की तहाची फितुरी होते. आणि लोकांनी ते लगेच मानलं, कारण त्याआधीची पाच वर्षं त्यांनी खरे फितूर पाहिले होते. जिथे दगा रोजचा असतो, तिथे खोटा आरोप सगळ्यात स्वस्त पडतो.

माफिया खेळताना अशा वेळी एक प्रश्न कामी येतो. आरोप करणाऱ्याला विचारायचं: हे तुला कुठून कळलं? त्या दिवशी कुणी तो विचारला असता, तर खरं उत्तर एकच होतं: ‘तिनंच मला विश्वासानं सांगितलं.’ मोगलांशी संधान बांधलेली बाई तो बेत लढू म्हणणाऱ्या माणसासमोर उघडा करून त्याचा सल्ला घेत बसेल का? पण जमावाला प्रश्न नको होता, त्याला नाव हवं होतं.

फेरिश्ता विजापूर दरबाराचा माणूस, आणि चांदबीबीनं तिथला कारभार सांभाळलेला. त्याची सहानुभूती तिच्याकडे झुकणार, हे धरूनच त्याला वाचायला हवं. पण पुढे काय झालं याबद्दल वाद नाही. काही दिवसांतच सुरुंगांनी तट उडाला, किल्ला पडला आणि बहादूरशाह ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. चांदबीबीच्या हिशेबात किल्ला गेला असता, माणसं राहिली असती. जमावाच्या हिशेबात दोन्ही गेलं.

मोबाइलवरच्या गेममध्ये चुकीच्या माणसाला बाहेर काढलं, की स्क्रीनवर लगेच लिहून येतं की तो फितूर नव्हता. नगरला ते कळायला मोगल आत यावे लागले. आज शहराबाहेरच्या डोंगरावरची तीन मजली वास्तू सगळे ‘चांदबीबीचा महाल’ म्हणून दाखवतात. खरं तर ती सलाबतखानाची कबर आहे.