मल्हारगंजातून निघालेला कंदील

वर्ष १९३३, इंदूर. बडा गणपतीला हात जोडून तुम्ही मल्हारगंजच्या रस्त्याला लागता. होळकरांचं राज्य आहे. रस्त्यावर सायकली आणि टांगे आहेत. ओट्यावर बसलेले दोघं मराठीत सुरू करतात, मध्येच माळवीत शिरतात आणि हिंदीत वाक्य संपवतात. गोराकुंड, मग खजुरी बाजार, मग राजवाडा. चालत राहा.

पण एका दुकानासमोर थांबा. गल्ल्याजवळ अठराएक वर्षांचा मुलगा बसलाय. काकाचं दुकान. धंदा शिकावा म्हणून वडिलांनी बसवलंय, पण हातातली पेन्सिल काही थांबत नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांची चित्रं काढणं चाललंय. वडील फिदा हुसेन मालवा मिलमध्ये हिशेबाच्या कामाला. मुलाचं नाव मकबूल, जन्म पंढरपूरचा.

समोरून सिनेमाच्या जाहिरातीची मिरवणूक येते. प्रभातचा ‘सिंहगड’ लागलाय. हरी नारायण आपट्यांच्या कादंबरीवरून शांतारामबापूंनी केलेला. मुलगा त्या रंगीत चित्रांकडे टक लावून बघतो आणि आपणही तैलरंगात काम करायचं, हे ठरवून टाकतो. रंगांना पैसे कुठले? शाळेची दोन पुस्तकं विकून तो रंग आणतो आणि दुकानात बसूनच पहिलं तैलचित्र पुरं करतो. काका भडकतो, तक्रार घरी जाते. वडील चित्र बघतात आणि मुलाला जवळ घेतात. मकबूल फिदा हुसेन यांनी आत्मकथनात हे सगळं सांगितलंय. खजुरी बाजारात आजही शाळेच्या पुस्तकांची दुकानं आहेत, तिथून जाताना मला ती दोन पुस्तकं हटकून आठवतात.

त्या काळच्या इंदूरला मागासलेलं गाव समजू नका. तरुण यशवंतराव होळकरांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुरचनाकाराकडून माणिकबाग बांधून घेतलाय. महाराज-महाराणींची छायाचित्रं युरोपात मॅन रे यानं काढलीत, ज्यानं १९२०च्या दशकात प्रयोगपट करून पॅरिसला हादरवलं तोच हा. आणि इथे देवळालीकर मास्तरांच्या चित्रशाळेत नारायण श्रीधर बेंद्रे शिकून तयार झालेत. मकबूल याच शाळेत संध्याकाळच्या वर्गाला जातो. पोराला चित्रकार होऊ द्या, हे त्याच्या वडिलांना बेंद्रेच पटवून देतात.

आता चौतीस वर्षं पुढे या. १९६७, मुंबई. मधल्या काळात या मुलानं सिनेमाची होर्डिंगं रंगवलीत आणि देशभर नाव कमावलंय. फिल्म्स डिव्हिजनचे सरकारी लघुपट तुम्हाला पाठ आहेत: धरण, कालवा, पाच वर्षांची योजना आणि वरून सतत समजावून सांगणारा आवाज. तिथले सल्लागार ज्याँ भावनगरी हुसेनना सांगतात, कॅमेरा घ्या आणि तुम्हाला हवी तशी फिल्म करा. हुसेन राजस्थानात जातात. बुंदी, चितोड, जैसलमेर.

दिवे मालवलेत. पडदा काळापांढरा. सुरुवातीला हुसेन स्वतः दिसतात, चित्रं काढतात, थोडकं बोलतात. त्यानंतर निवेदन नाही. विजय राघव राव यांचं संगीत आणि चित्रं, बस्स. किल्ल्याची भिंत. छत्री. एक जोडा. गाय. कंदील. तुम्ही गोष्ट शोधू लागता, ती सापडत नाही. मग शोधणं सोडता आणि बघू लागता. भर उन्हात ठेवलेला तो कंदील मला या फिल्मचं हृदय वाटतो. हुसेन यांचे आजोबा कंदील बनवायचे. आई तान्हेपणीच गेलेली, मुलगा आजोबांजवळ वाढला. पडद्यावर यातलं एक अक्षरही नाही, तरी त्या वस्तूवरून नजर हलत नाही.

‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ वीस मिनिटांच्याही आतली आहे. त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात तिला लघुपटासाठीचं गोल्डन बेअर मिळालं. आणि योगायोग पाहा, १९६७मध्येच मार्शल लॉखालच्या तैवानात चेन याओ-ची यांचा ‘लिऊ पी-चिया’ आला. चीनहून आलेला एक माजी सैनिक दगड वाहतो, एवढाच त्याचा विषय. सरकारी प्रचाराच्या गलबल्यात एका साध्या माणसाकडे निवांत बघणं तिथेही नवं होतं.

अजून दोन पावलं पुढे चला. १९६९मध्ये नेहरू फेलोशिपच्या पैशातून अकबर पदमसी यांनी मुंबईत चित्रकार आणि चित्रपटकारांची एक कार्यशाळा उभी केली. तिथे त्यांनी रेषांची आणि बिंदूंची ‘सिझिजी’ केली, तरुण नलिनी मलानींनी कॅमेऱ्याशी झटापट केली. १९७०मध्ये तय्यब मेहतांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘कूडल’ केली. त्यातला कत्तलखान्यातला बैल बघवत नाही आणि विसरताही येत नाही. पदमसींच्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ची मात्र एकच प्रत होती. ती हरवली. आता कितीही मागे गेलात तरी तिच्यासाठी पडदा उघडणार नाही.

हुसेन यांची फिल्म तशी हरवलेली नाही, ती बघता येते. म्हणून मल्हारगंजच्या मंडळांना आणि शहरातल्या मराठी संस्थांना माझी एक विनंती. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या बघायला अख्खं इंदूर रात्रभर जागं असतं. यंदा गणेशोत्सवाच्या दहा दिवसांतली एक संध्याकाळ काढा, चौकात पडदा लावा आणि आपल्या मकबूलची ही फिल्म मुलांना दाखवा. आधी काही समजावून सांगू नका. बघून झाल्यावर त्यांच्या हातात कागद आणि रंग द्या.