बाळंतिणीच्या खोलीतील शाळा

मंडळी, मूल जन्मले की आपल्याकडे पाचवी पूजतात. पाटा-वरवंटा मांडतात, हळदकुंकू वाहतात, आणि शेजारी कोरा कागद व लेखणी ठेवतात. कां? तर रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते. त्या रात्री घरच्या बायका जागतात. दिवा विझू देत नाहीत. लहानपणी आम्हां मुलांना त्या जागरणाची मोठी गंमत वाटे. पण बाळंतिणीच्या आईचा चेहरा मात्र काही गंमतीचा नसे.

माझा आपला समज असा आहे की, या जागरणामागे पिढ्यान् पिढ्यांचा धसका आहे. तान्ह्या बाळाला होणारा धनुर्वात साधारणपणे तिसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत दिसू लागतो. दोन दिवस चांगले पिणारे मूल एकाएकी पिईनासे होते, त्याचा जबडा बसतो, अंग धनुष्यासारखे ताठते, आणि बघता बघता ते हातचे जाते. लोक म्हणत, सटवाईने तेवढेच लिहिले होते. खरे पाहता ते लेखन सटवाईचे नव्हते. नाळ कापलेला विळा, ती बांधलेली मळकी दोरी आणि बेंबीवर लावलेली राख किंवा शेण यांचे ते काम होते. धनुर्वाताचा जंतू वेगळा काढून दाखवला तो किटासाटो या जपानी शास्त्रज्ञाने, १८८९ साली. तोवर जगातल्या कोणत्याच आईला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

ही गोष्ट जुन्या काळच्या अडाणी घरांचीच, असे कोणी समजू नये. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचे नाव शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले, समुद्र ओलांडून फिलाडेल्फियास गेल्या आणि १८८६ साली पदवी मिळवली. पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषयही आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच होता. गुरुजनांना माझी विनंती आहे की, आनंदीबाईंचा धडा शिकवताना त्या दहा दिवसांपाशी थोडे थांबावे. पहिल्या भारतीय स्त्री-डॉक्टरांत त्यांची गणना होते, एवढे सांगून आपण पुढे जातो आणि मुळातले कारण राहूनच जाते.

आता थोडे दूर, फ्रान्स देशाच्या राजधानीत जाऊ या, कारण नव्या आईला पद्धतशीर शिकवण्याचा एक मोठा प्रयोग तेथे झाला. पॅरिसच्या शारिते रुग्णालयात पिएर ब्यूदँ नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. रुग्णालयातून धडधाकट गेलेली मुले घरी गेल्यावर हगवणीने मरतात, हे त्यांच्या ध्यानी आले. म्हणून १८९२ साली त्यांनी एक पद्धत सुरू केली. घरी गेलेल्या आईने दर आठवड्यास बाळाला घेऊन परत यावे, बाळाचे वजन व्हावे, आणि अंगावर पाजण्याबद्दल तिला नीट समजावून सांगितले जावे. तराजू हाच त्या शाळेतला फळा! गेल्या आठवड्यापेक्षा काटा पुढे सरकला की आईला आपोआप समजे की आपले ठीक चालले आहे. दोन वर्षांनी फेकां गावी लेओं द्युफूर या डॉक्टरांनी ‘दुधाचा थेंब’ नावाची संस्था काढली. ज्या आयांना पाजणे शक्य नसे त्यांना तेथे उकळून निर्जंतुक केलेले दूध मिळे.

ब्यूदँ यांनी आणखी एक गोष्ट पाहिली, आणि मला ती तराजूपेक्षाही मोलाची वाटते. पॅरिसमध्ये १८८० पासून अपुऱ्या दिवसांच्या मुलांना ऊब देण्याच्या काचेच्या पेट्या आल्या होत्या. कोंबडीची अंडी उबवण्याच्या पेटीवरून ती कल्पना सुचली होती, म्हणतात. पेट्यांनी मुले वाचली खरी. परंतु ज्या आयांना मुलापासून दूर ठेवले त्यांतल्या काहींचा मुलावरचा जीवच उडाला. म्हणून आईला पेटीपाशी आणा, तिलाच पाजू द्या, असा ब्यूदँ यांचा आग्रह असे.

आपल्या देशात या शिक्षणाची सुरुवात मात्र दुसऱ्या टोकाकडून झाली. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी निघाला, त्यातून स्त्रियांसाठी दवाखाने झाले. १९०३ साली लेडी कर्झन यांनी सुईणींना शिकवण्यासाठी व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ दुसरा निधी उभारला. हेतू उत्तम होता. पण शिकवणारी मडम आणि शिकणारी सुईण यांच्यात फार मोठे अंतर होते. सुईण म्हणजे मळकट, हट्टी, अडाणी. तिला धाकदपटशाने सुधारायचे, असाच सूर त्या काळच्या लिखाणात जागोजाग आढळतो. शिकलेली सुईण गावी परतली की तिला बाळंतपणाचे तेच जुने सामान आणि तीच अंधारी खोली मिळे. बरे, सुईण काय करते ते कोणी पाहिले, पण ती तसे कां करते ते फारसे कोणी विचारले नाही.

हे ‘कां’ विचारले असते तर पुष्कळ सोपे झाले असते. एक उदाहरण देतो. आपल्याकडे पुष्कळ घरांत आईचे पहिले घट्ट, पिवळसर दूध पिळून टाकीत आणि बाळाला दोन-तीन दिवस मधाचे बोट किंवा गुळाचे पाणी देत. आता शेतकरी मंडळींना मी विचारतो, म्हैस व्यायली की पहिला चीक तुम्ही पारडाला तोडता का? नाही! चीक मिळाला नाही तर पारडू धरत नाही, हे गोठ्यातल्या पोरालाही माहीत असते. खरवसाला चीक काढायचा तोही पारडाचे पोट भरल्यावर. मग माणसाच्या बाळाने काय अपराध केला? आईचा चीक हीच बाळाला रोगापासून वाचवणारी पहिली लस. एवढे सांगितले की आजीबाई हसतात आणि मान डोलावतात. ज्ञान त्यांच्याजवळ होतेच, ते गोठ्यातून माजघरापर्यंत आणायचे तेवढे राहिले होते.

शिवाय आपल्या रीतींतले सगळेच टाकाऊ नाही. बाळाला कुंची घालतात ती किती शहाणपणाची! तान्ह्याचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते आणि उघडे राहिले की ऊब तेथूनच भराभर जाते. सव्वा महिना बाळंतिणीकडे परक्याची वर्दळ नसते, तेही चांगलेच. पण कोंदट खोलीतली धुराची शेगडी, जन्मल्याबरोबर घातलेली आंघोळ आणि बेंबीवर लावलेले काहीबाही, हे सोडलेच पाहिजे.

पेट्यांच्या गोष्टीचा पुढचा भाग दक्षिण अमेरिकेत घडला. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरी, एका सरकारी प्रसूतिगृहात १९७८ साली इतकी गर्दी होती की एकेका पेटीत एकाहून अधिक मुले ठेवावी लागत आणि एकाचा रोग दुसऱ्याला होई. तेव्हा डॉक्टर एद्गार रे यांनी ते अशक्त बाळ सरळ आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधले. कांगारू आपले पिलू पोटाच्या पिशवीत बाळगते, तसेच. वीज नको, काच नको. बाळाला ऊब मिळाली, दूध हाताशी राहिले, आणि आईही दुरावली नाही. आई दमली की बापाने छातीशी धरावे, हेही तेथे शिकवले गेले. आता ही रीत जगभर मान्य झाली आहे. ब्यूदँ यांनी ऐंशी वर्षांपूर्वी जे हेरले होते, ते गरजेपोटी पुन्हा सापडले म्हणा ना.

आणि आता आपल्या महाराष्ट्रात येऊ, कारण या इतिहासातला सर्वांत मोठा धडा गडचिरोलीच्या जंगलात लिहिला गेला.

डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ साली त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. जिल्हा नवा, १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला; रस्ते थोडे, दवाखाने त्याहून थोडे. त्यांनी हात घातला तो मुलांच्या न्युमोनियाला. न्युमोनिया ओळखण्याची सोपी खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांच्या आतले बाळ शांत असताना मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास घेऊ लागले, तर ते आजारी समजावे. परंतु गावातल्या अनेक सुईणींना साठपर्यंत मोजता कुठे येत होते? येथे पूर्वीच्या मडमेने हात टेकले असते. बंगांनी काय केले? लाकडी चौकटीत मणी ओवले आणि शेजारी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ बसवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर औषध सुरू करायचे. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती ती आता न्युमोनियाचे निदान करू लागली! गुरुजी, शिकवण्याचे साधन कसे असावे याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

पुढे प्रश्न आला अगदी नवजात बाळांचा. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ बाळांची घरोघर जाऊन पाहणी झाली. शंभरातली पंचाण्णव बाळे घरीच जन्मली होती. निम्म्याहून अधिक बाळांना उपचाराची गरज पडली. पण कुठल्याही आरोग्यसेवकाच्या नजरेस पडलेली बाळे शंभरात तीनही नव्हती. दवाखान्यात घेऊन या, असे सांगून उपयोग नव्हता. बाळंतीण खोलीबाहेर पडणार नाही, पावसाळ्यात नाल्याला पूर येणार, आणि बाळ मरायला एक रात्र पुरे होते.

तेव्हा शाळाच खोलीत न्यायची, असे ठरले. प्रत्येक गावातली एक बाई निवडली, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेली. तिला नाव दिले ‘आरोग्यदूत’. ती गरोदरपणातच घरी जाई, आणि केवळ पोरीला नव्हे, तर सासूला व नवऱ्यालाही समजावून सांगे. बाळंतपणाला ती सुईणीबरोबर बसे. सुईणीला हाकलून नव्हे, बरोबर! बाळ रडले नाही तर पिशवी आणि मुखवटा लावून त्याला श्वास देई. मग त्याला कोरडे पुसणे, गुंडाळणे, तासाभरात अंगावर लावणे, वजन करणे, ताप पाहणे. अशक्त बाळासाठी उबदार कापडाची झोळीसारखी पिशवी असे. आणि पुढे महिनाभर ती पुन्हा पुन्हा येई. पिणे सुटले, रडणे क्षीण झाले, अंग लुळे पडले, पोट फुगले, अंग गार किंवा तापलेले लागले, छाती आत ओढली जाऊ लागली, या खुणा तिला आणि आईलाही पाठ असत. जंतूंचा दोष रक्तात भिनला असे दिसले, आणि घरचे दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर ती स्वतः इंजेक्शन देई.

यावर शंका पुष्कळांनी घेतली. सातवी-आठवी शिकलेली बाई इंजेक्शन देणार? मीही असतो तर कदाचित घेतली असती. उत्तर आकड्यांनी दिले. त्या ३९ गावांत पूर्वी हजारी ६२ बाळे पहिल्या महिन्यात मरत. १९९७-९८ पर्यंत ते प्रमाण २५ वर आले. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत मात्र ते ६०च्या आसपासच राहिले. डिसेंबर १९९९ मध्ये ही हकिगत लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात छापून आली.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळाच्या घरी जाऊन भेटी द्याव्यात असे सांगितले, आणि २०११ मध्ये भारत सरकारने आशाताईंमार्फत ही पद्धत देशभर नेण्याची नियमावली काढली. आपला देश माता-नवजात धनुर्वातातून मुक्त झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. गरोदर आईला लस मिळाली, आणि हात, जागा, पाते, दोरा व नाळ या पाच गोष्टी स्वच्छ ठेवण्याचा धडा घरोघर पोहोचला, म्हणून ते घडले. तरीही २०२० सालच्या नमुना नोंदणीत देशात हजारी २० बाळे पहिल्याच महिन्यात गेल्याची नोंद आहे. यांतली पुष्कळशी दवाखान्यात जन्मलेली होती. म्हणजे ब्यूदँ यांना पडलेला प्रश्न अजून संपलेला नाही: घरी गेल्यावर काय?

त्या नियमावलीप्रमाणे बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. तुमच्या घरी पाळणा हलायचा असेल तर हे दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर आताच खूण करून ठेवा. ती आली की तिला हात धुवायला पाणी आणि साबण द्या, ताटातुटीची घाई करू नका, आणि बाळाच्या बापाने त्या वेळी शेतावर किंवा पारावर न जाता तिच्यासमोर बसावे. तराजूचा काटा कुठे आला ते त्यानेही वाचावे.