कल्पितपात्रचित्रण, संगणकीय

अद्भुतकथा, परीकथा किंवा खेळ यांतील, प्रत्यक्षात नसलेल्या व्यक्तीचे वा प्राण्याचे चित्र संगणकीय रंगकाम-प्रणालीत दाबसंवेदी लेखणीने रंगवण्याची कला. छायाचित्रांची जुळवाजुळव किंवा त्रिमित प्रतिकृती यांहून ती वेगळी आहे, कारण येथे प्रत्येक फटकारा चित्रकाराच्या हातून उमटतो. चेटकीण किंवा ड्रॅगन कुणी पाहिलेला नसतो, पण त्यांच्या अंगावर पडणारा उजेड सर्वांच्या ओळखीचा असतो. या कलेचे कसब त्या ओळखीच्या उजेडावर उभे आहे.

पूर्वपीठिका : या चित्रांची घडण संगणकाच्या आधी तैलरंगांत झाली. १९६६ पासून कोनन या योद्ध्याच्या कथापुस्तकांसाठी फ्रँक फ्राझेटा या अमेरिकन चित्रकाराने केलेल्या मुखपृष्ठांनी पिळदार देह, गडद पार्श्वभूमी आणि एकवटलेला उजेड यांचे वळण घालून दिले. पुढे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) आणि ‘मॅजिक : द गॅदरिंग’ (१९९३) या खेळांमुळे अशा चित्रांची मागणी फार वाढली. मराठी वाचकाला अद्भुताची ओळख ‘चांदोबा’मधील चित्रांतून आणि देवादिकांच्या दिनदर्शिकांतून झाली. रघुवीर मुळगावकरांच्या चित्रांत तुषारयंत्राने आणलेली त्वचेची मऊ झळाळी ज्याने पाहिली आहे, त्याला संगणकातला ‘एअरब्रश’ परका वाटत नाही.

संगणकावरील रंगकामाचा आरंभ १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांनी घडवलेल्या ‘सुपरपेंट’ प्रणालीपासून धरता येतो. ‘फोटोशॉप’ १९९० मध्ये बाजारात आले. १९९१ च्या ‘पेंटर’ने खडू, तैलरंग आणि खरखरीत कागद यांचा आभास पडद्यावर आणला. १९९४ मध्ये फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत थरांची, म्हणजे चित्राचे भाग एकमेकांवर स्वतंत्र ठेवण्याची, सोय झाली. केडीई या मुक्त प्रणालीच्या परिवारात १९९९ च्या सुमारास सुरू झालेल्या प्रकल्पातून ‘क्रिता’ घडली. स्वीडिश भाषेत या शब्दाचा अर्थ खडू. ती विनामूल्य मिळते, त्यामुळे विद्यार्थ्याला परवान्याच्या खर्चाशिवाय पूर्ण क्षमतेचे साधन हाती येते.

साधने : पेन टॅबलेट, म्हणजे संवेदी पाटी आणि तिची लेखणी, हे मुख्य साधन. वाकोम या जपानी कंपनीच्या लेखणीत विद्युतघट नसतो; पाटीच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रातूनच तिला ऊर्जा मिळते. आजच्या बऱ्याच लेखण्या दाबाच्या ८,१९२ पायऱ्या ओळखतात. दाब वाढला की रेघ जाड होते किंवा रंग गडद होतो, आणि यातले काय व्हावे हे ब्रशच्या मांडणीत ठरवता येते. छपाईसाठी ए-४ आकाराचे चित्र दर इंचाला ३०० बिंदू धरून केले, तर ते २,४८० × ३,५०८ बिंदूंचे, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदूंचे होते. दर बिंदूला चार बाइट धरल्यास पूर्ण रंगवलेला एक थर जवळजवळ साडेतीन कोटी बाइट जागा व्यापतो. थर वाढू लागले की संगणक मंदावतो, त्याचे कारण हेच.

कार्यपद्धती : आरंभ लहान, काळ्या छायाकृतींनी करतात. टोपी, झोळी, काठी, शिंगे यांची बाह्यरेषा काळ्या रंगातही ओळखू आली, तरच पात्राला स्वतःचे रूप आहे असे समजतात. मग निवडलेल्या आकृतीचे कच्चे रेखाटन होते. या टप्प्यावर खऱ्या वस्तूंचा अभ्यास लागतो. वटवाघळाचा पंख म्हणजे लांब बोटांवर ताणलेली त्वचा असते. हे जाणणारा चित्रकार ड्रॅगनच्या पंखाला खांदा, कोपर आणि मनगट देतो, आणि तो पंख उडण्याजोगा दिसतो.

त्यानंतर अनेक चित्रकार केवळ करड्या छटांत उजेड आणि सावली बसवतात. या छटा चुकल्या तर कितीही सुंदर रंग चित्र सावरू शकत नाहीत. चित्र मधूनमधून आडवे उलटवून पाहिले की एक डोळा वर गेल्यासारख्या चुका तत्काळ दिसतात. क्रितामध्ये त्यासाठी ‘एम’ ही एक कळ पुरते.

पुढे मूळ रंग सपाट भरतात आणि त्यांवर सावलीचा थर ‘मल्टिप्लाय’ रीतीने ठेवतात. यात दोन थरांच्या मूल्यांचा गुणाकार होतो. शून्य ते एक या मापावर त्वचा ०.८ आणि सावली ०.५ असेल, तर परिणाम ०.४ येतो. उजेडासाठीच्या ‘स्क्रीन’ रीतीत त्याच दोन मूल्यांतून ०.९ मिळते. क्रितातील ‘इनहेरिट अल्फा’ची सोय वापरली की सावली खालच्या आकाराच्या कडेबाहेर सांडत नाही.

उदाहरणार्थ, रात्रीच्या रानात कंदील धरलेली मुलगी रंगवायची आहे. कंदिलाकडचा गाल नारिंगी, तर आभाळाकडे वळलेला खांदा निळसर होतो. ज्योतीसमोरच्या बोटांच्या कडा लालसर उजळतात, कारण प्रकाश त्वचेत शिरून रक्तातून गाळून बाहेर येतो. बाहीच्या चुण्या कोपरापासून फाकतात. कंदिलाजवळच्या कडा धारदार ठेवून दूरच्या अंधारात विरू दिल्या की नजर चेहऱ्यावर स्थिरावते. ही मुलगी कुठेच नाही, पण तळहात दिव्यासमोर धरून पाहिलेल्या कुणालाही तिची बोटे खरी वाटतात.

अभ्यासयोग्य उदाहरण : फ्रेंच चित्रकार डेव्हिड रेव्हॉय यांची ‘पेपर अँड कॅरट’ ही चित्रकथा २०१४ पासून प्रसिद्ध होत आहे. पेपर ही लहान चेटकीण आणि कॅरट हे तिचे मांजर हेरेव्हा नावाच्या कल्पित जगात राहतात. रेव्हॉय यांचे काम मुख्यतः क्रितामध्ये होते. श्रेयनिर्देश केल्यास ही चित्रे वापरण्याची मुभा आहे, आणि थरांसह मूळ फाइलीही त्यांनी खुल्या ठेवल्या आहेत. शिकणाऱ्यासाठी हे मोठे दान आहे. तैलचित्रात आधीचे रंग नंतरच्या रंगांखाली कायमचे गाडले जातात. येथे एकेक थर झाकून चित्रकाराच्या निर्णयांपर्यंत मागे जाता येते.

जतन व छपाई : थर टिकवणारी मूळ फाइल आणि प्रकाशनासाठी सपाट केलेली प्रत अशा दोन फाइली स्वतंत्र ठेवाव्यात. पडदा लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशातून रंग दाखवतो, तर छापखान्यात निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई वापरतात. जादूच्या ज्वाळेचा झगझगीत हिरवा या शाईंच्या आवाक्यात नसतो व कागदावर मळकट उतरतो. म्हणून छपाईच्या चित्रात झळाळी रंगाच्या भडकपणावर न सोपवता भोवतीच्या अंधारातून उठवावी. करड्या छटांच्या टप्प्यावर घेतलेले कष्ट येथे कामी येतात.