राहून गेलेल्या कामांची बखर

झालेल्या कामांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. किल्ला कोणी बांधला, गिरणी कधी उभी राहिली, पुलाची फीत कोणत्या मंत्र्यांनी कापली, हे सगळं दगडावर कोरलेलं असतं. राहून गेलेल्या कामांना मात्र ना दगड, ना फीत, ना मंत्री. वास्तविक कोणाच्याही आयुष्यात झालेल्या कामांपेक्षा राहिलेलीच जास्त! ती लक्षात राहावीत म्हणून आमच्या आजीच्या पिढीनं पदराला गाठ मारली. आता गाठ कशासाठी मारली हे आठवावं म्हणून दुसरी गाठ मारायची सोय त्या शास्त्रात नव्हती, हा भाग वेगळा.

हे शास्त्र पुढे कुठवर गेलं, ते मला नव्या पेठेत कळलं. सोलापूरच्या नव्या पेठेत साडीपासून मोबाईलपर्यंत सगळं मिळतं. गाडी लावायला जागा तेवढी मिळत नाही. तिथं आमच्या थोरल्या काकांचं कापडाचं दुकान होतं. आता दुकानावरच्या माडीवर बसून त्यांचा नातू, म्हणजे माझा पुतण्या, पुण्यातल्या एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहितो. एकदा सहज विचारलं, "काय करायलास रे?"

"टूडू टाकायलोय, काका."

टूडू हे मला कोणाच्या तरी बारशातलं नाव वाटलं. पण तसं नव्हतं. प्रोग्रॅममध्ये यंत्रासाठी हुकूम असतात आणि अधूनमधून माणसांसाठी शेरे असतात. यंत्र शेरे वाचत नाही. या बाबतीत ते थेट सरकारी साहेबासारखं. अशा शेऱ्यांत 'टूडू' म्हणजे 'हे करायचं राहिलंय'. 'फिक्समी' म्हणजे 'हे मोडलंय, नीट करा'. आणि नुसतंच 'एक्सएक्सएक्स' म्हणजे, पुतण्याच्या भाषेत, "इथं काहीतरी डेंजर आहे ओ, पण चालायलंय तोवर हात लावू नका."

शेऱ्यांची ही वहिवाट जुनी आहे. १९५७ साली आयबीएमची फोर्ट्रान भाषा आली, तेव्हा प्रोग्रॅम छिद्रं पाडलेल्या कार्डांवर लिहीत. कार्डाच्या पहिल्या रकान्यात 'सी' अक्षर असलं की यंत्र ते कार्ड हुकूम म्हणून धरायचं नाही. कार्डाचा तो कोपरा म्हणजे माणसाची हक्काची जागा. तिथं रडावं, हसावं, किंवा 'नंतर करू' असं लिहावं.

आता छिद्रांचं कार्ड म्हटलं, की सोलापूरकरानं मान ताठ करायला हरकत नाही. आमच्या पूर्व भागात चादरीवर जे मोर नाचतात, ते जकार्डच्या पुठ्ठ्यांवर. फ्रान्समधल्या ल्यों शहरच्या जोसेफ मारी जकार यानं १८०४च्या सुमारास ही युक्ती बसवली. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची एक ओळ. छिद्र असेल तिथं ताण्याचा धागा उचलायचा, नसेल तिथं नाही. हेच पुठ्ठे पाहून लंडनच्या चार्ल्स बॅबेजच्या मनात आलं, की पुठ्ठ्यावर मोर नाचतो तर गणित का नाचू नये?

हा बॅबेज म्हणजे राहून गेलेल्या कामांचा मूळपुरुष. त्याच्या पहिल्या गणकयंत्रावर इंग्रज सरकारनं सुमारे १७,००० पौंड घातले आणि १८४२ साली हात झटकले. यंत्र अपुरं. मग त्याहून मोठं, पुठ्ठ्यांवर चालणारं ॲनालिटिकल एंजिन मनात घेतलं. तेही अपुरं. मधेच पहिल्याची सुधारलेली आवृत्ती कागदावर काढली. ती कागदावरच राहिली. १८७१ साली बॅबेज वारला. म्हणजे जगातला पहिला संगणक हाच मुळात एक टूडू होता! मात्र त्यानं नकाशे व्यवस्थित काढून ठेवले होते. त्या सुधारलेल्या यंत्राचा गणित करणारा भाग लंडनच्या सायन्स म्युझियमनं त्या नकाशांवरून १९९१ साली बांधून पुरा केला, आणि तो चालला. काम राहिलं तरी चालतं. काय राहिलं ते नीट लिहिलेलं पाहिजे.

पण या बखरीतला सोनेरी अध्याय चंद्रावर घडला. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११चं यान चंद्रावर उतरलं, त्याच्या संगणकाचा प्रोग्रॅम आता कोणालाही वाचायला मिळतो. उतरण्याच्या भागात, अगदी मोक्याच्या जागी, दोन ओळींसमोर एकच शेरा आहे: हे तात्पुरतं आहे, अशी आशा आहे, आशा आहे, आशा आहे. आशा तीनदा! एकदा म्हटली असती तर माणूस निश्चिंत राहिला असता. तीनदा म्हटली म्हणजे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं, की याला आता कोणी हात लावत नाही.

आणि खरी गंमत पुढेच आहे. त्या संगणकाचा कायमचा प्रोग्रॅम चक्क विणलेला होता. छोट्या छोट्या चुंबकी कड्या. तांब्याची तार कडीतून ओवली तर एक, बाहेरून नेली तर शून्य. असे ३६,८६४ शब्द. हे विणकाम अमेरिकेतल्या वॉल्थॅम गावच्या कारखान्यात बायका करत, आणि त्यांत कापडगिरण्यांतून आलेल्याही होत्या. आमच्या पूर्व भागातल्या कोणा मावशीला त्या कारखान्यात नेऊन बसवलं असतं, तर चहा येईपर्यंत तिनं काम समजून घेतलं असतं. मात्र या विणीत एकदा गेलेलं उसवत नाही. शेरा बिचारा कागदावर राहिला. 'तात्पुरत्या' ओळी तेवढ्या तारेत विणल्या जाऊन चंद्रावर पोचल्या. तात्पुरत्या गोष्टीला याहून कायमचा पत्ता मिळालेला माझ्या ऐकिवात नाही.

१९९२ साली वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरनं अशा घाईच्या कामाला कर्जाची उपमा दिली. आज घाईनं भागवलं तर हरकत नाही, पण लवकर फेडा. नाहीतर व्याज चढत जाईल. त्याच्या या विचाराचं मोठं कौतुक झालं. नव्या पेठेत याला उधारी म्हणतात, आणि ती कळायला कॉलेजात जावं लागत नाही.

आमचे थोरले काका या विद्येतले आचार्य. त्यांच्या वहीची मागची पानं 'राहिलं' या मथळ्याखाली असत. पण 'बघू' किंवा 'नंतर' हे शब्द त्यात चुकूनही नसत. कोणाचं, काय, का आणि कधीपर्यंत, या चार गोष्टी एका ओळीत. काम झालं की ओळीवर आडवी रेघ; पान मात्र फाडायचं नाही. "फाडलं तर केलेलंबी इसरतंय बे," असं म्हणायचे. काका अचानक गेले, तेव्हा शेवटच्या पानावर सात ओळी उघड्या होत्या. त्यांतली एक: शेळगीच्या बाईंचं इरकल, काठ उसवला, संक्रांतीच्या आत बदलून देणे. तेराव्यानंतर चुलतभाऊ सायकलवर टांग मारून शेळगीला गेला आणि नवं इरकल देऊन आला. बाई म्हणाल्या, "मालक गेले, आता काय मागायचं म्हणून मी गप बसले होते की." पंधरा दिवसांत सातही ओळींवर रेघ पडली. शेवटच्या सात रेघा काकांच्या हातच्या नाहीत, पण वही काकांचीच.

हे मी पुतण्याला सांगितलं, तेव्हा त्यानं पडद्यावर एक शेरा दाखवला: 'तात्पुरतं. पुढच्या आठवड्यात नीट करणे.' साल २०११. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. काय नीट करायचं आणि का, त्याचा पत्ता नाही. "याला हात लावायची भीती वाटती, काका," तो म्हणाला. "यावर लोकांच्या पगाराचा हिशेब चालतोय." त्या शेळगीच्या बाईंना पत्ता तरी होता!

साल दोनच आकड्यांत लिहिण्याची काटकसर ८० रकान्यांच्या कार्डाच्या काळातली. 'पुढे बघू' म्हणत म्हणत ती २००० सालापर्यंत आली, आणि मग जगभरच्या प्रोग्रॅमरांनी रात्री जागवून ती निस्तरली. पुष्कळशा जागरणाचा मान आपल्या मुलांना मिळाला. संकट आलं नाही, म्हणून लोक म्हणाले, उगाच घाबरवलं. राहिलेलं काम वेळेत झालं की असाच सत्कार होतो.

पुढची तारीख ठरलेली आहे. जुन्या पद्धतीचे संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात, आणि त्यांच्या मोजणीची जागा १९ जानेवारी २०३८ रोजी संपते. भारतीय वेळ सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं. गड्ड्याची जत्रा ऐन भरात असेल, आणि नव्या पेठेतली बहुतेक दुकानं उघडायची असतील. पुतण्यानं कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये अशा जागा शोधून एकेक ओळ लिहायला घेतली आहे: कोणाचं, काय, का, कधीपर्यंत. आतापर्यंत चाळीस ओळी झाल्या आहेत. पैकी नवांवर रेघ आहे.