फिरंगेचा वीतभर तुकडा

दर्ग्याजवळच्या गल्लीत तुम्ही वळता आणि आधी ऐकू येतो तो भात्याचा आवाज. सतारीचा नव्हे. मिरज, 1860 च्या आसपासची. रेल्वे अजून इथवर यायची आहे. कोपऱ्यावर एक बैलगाडी सुटली आहे. तिच्यात कडब्याच्या थरांमध्ये जपून भोपळे रचलेत, भीमाकाठचे, पंढरपूरकडून आलेले. त्यातला मोठा उचलायचा तर दोन्ही हातांची कव घालावी लागेल.

पडवीतला कारागीर शिकलगार. तलवारींना, कट्यारींना धार लावायचा घरचा धंदा. 1818 साली पेशवाई गेली, लढाया थांबल्या, पटवर्धनांच्या या संस्थानातही पाती म्यानातच राहू लागली. म्यानातल्या पात्याला धार कोण लावून घेणार? याच शिकलगारांतल्या फरीदसाहेबांनी 1850 च्या सुमाराला तंबोरे-सतारी करायला घेतल्या, असं मिरजेत सांगतात. 'शस्त्रं टाकून सूर धरले' असं काहीतरी तुमच्या जिभेवर येतं. गिळा ते. या माणसाने धार मुळीच सोडलेली नाही, समोरच बघा.

"पावणं, तिकडं सरका. ठिणगी उडंल."

तुम्ही सरकता. सांडशीत एका मोडक्या फिरंगेचा, म्हणजे विलायती पात्याच्या तलवारीचा, वीतभर तुकडा आहे. पोलाद चांगलं, फुकट जाऊ द्यायचं नाही. त्याला हवी आहे भोपळा आतून खरवडायची वाकडी पाती. अशी पाती बाजारात मिळत नाही, कारण तिचा वाक कुठल्याच दुकानदाराला ठाऊक नाही. तो माप घेतो तेही टेपेशिवाय. बांबूची ओली कामटी कापलेल्या भोपळ्याच्या तोंडातून आत सारतो, आतल्या पोटाला टेकेपर्यंत वाकवतो, आणि दोन टोकांना दोरा बांधून धनुष्यासारखी बाहेर काढतो. ऐरणीच्या गोल टोकावर तापलेलं पोलाद ठोकायचं, कामटीला लावून बघायचं, परत भट्टीत. पाच वेळा. सहाव्यांदा कामटी आणि पोलाद यांच्यामधून उजेड दिसत नाही.

आता पाणी द्यायचं. म्हणायचं पाणी, पण तापलेली पाती बुडते तेलात, नाहीतर एवढं पातळ पोलाद तडकेल. चर्र आवाज, करडईच्या तेलाचा खमंग धूर, तुम्हाला उगीच भूक लागते. तो धारेवर जुनी कानस ओढून बघतो. कानस घसरते, खात नाही. म्हणजे कडकपणा आला, पण काचेसारखा. हातातून पडली तर दोन तुकडे.

म्हणून कुरुंदाच्या दगडाने एक बाजू लख्ख घासून तो पाती तापलेल्या लोखंडी पत्र्यावर ठेवतो आणि तुम्हाला हाताने गप्प करतो. चकाकीवर रंग चढू लागतो. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. वाकून परत सरळ व्हायची वस्तू असेल तर निळ्यापर्यंत जाऊ द्यायची. खरवडायची असेल तर पिवळ्यालाच उचलायची. हा पिवळा म्हणजे साधारण 220 ते 230 अंश सेल्सियस, हे तुम्हाला माहीत आहे. त्याला अंश माहीत नाहीत, पण उचलायला त्याला उशीर होत नाही.

भिजवून मऊ केलेल्या भोपळ्यात पाती फिरते. आतला वाळका गर पापुद्र्यांनी सुटतो. दोन हात मारले की तो बोटाच्या पेराने बाहेरून टकटक करतो, कान लावतो, मग पुन्हा दोन हात.

फिरंगेचा उरलेला तुकडा बोटाएवढा. त्याची सपाट पाती झाली आहे, घोडीसाठी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीसाठी. तंबोऱ्याची घोडी सांबरशिंगाची. तिची पाठ अशी हलकी उतरती हवी की तार सुटताना तिला घासत राहील, तरच जवारी, म्हणजे सुराची ती गुंजणारी झणक, बोलते. इथे कानस रानटी वाटते. तो पाती जवळजवळ उभी धरून ओढतो, पिठासारखी पूड पडते. तार चढवून तिच्याखाली दोरा सरकवतो. आवाज बंदच, डब्यात कोंडल्यासारखा. तार उतरवतो. पुन्हा पूड. हे संध्याकाळपर्यंत चालणार, हे तुमच्या ध्यानात येतं, आणि खरं सांगायचं तर तुम्हाला कंटाळा येतो.

तेवढ्यात तुम्ही ती वाकडी पाती हातात घेता. मूठ बाभळीची, त्याच्या अंगठ्याला बसेल अशी खोलगट. भोपळ्याला लावता, तर धार उलट्या बाजूला.

"डावरं हाय का तुम्ही?"

तुम्ही मान हलवता. विकत घेण्याची गोष्ट तोंडातच राहते. तो मोडक्या पात्यांचा ढीग पायाने तुमच्याकडे लोटतो, एक तुकडा निवडायला सांगतो, आणि भात्याची दोरी तुमच्या हातात देतो.